विद्यार्थिनीचा आश्रित

मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्या मराठी आईवडिलांना विमानतळावरचा अधिकारी साधारण सहा महिने राहू देतो. पहिल्या महिन्यात नायगारा होतो. दुसऱ्यात न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि तिथल्या प्रत्येक पायरीवर उभं राहून काढलेले फोटो होतात. तिसऱ्यात ओक ट्री रोडवरचे दुकानदार ओळख दाखवू लागतात आणि मेथीची जुडी घेताना डॉलरचे रुपये करणं थांबतं. उरलेल्या तीन महिन्यांचं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. गाडी चालवता येत नाही, पायी जावं असं काही जवळ नसतं आणि टीव्हीचा रिमोट नातवाला विचारल्याशिवाय हलत नाही. मी खिडकीत उभा राहून शेजाऱ्याच्या अंगणातल्या खारी मोजायचो. खार एकच होती, त्यामुळे तेही काम लवकर उरकायचं.

एडिसनमधल्या अशाच एका सकाळी बायकोनं जाहीर केलं, "मला कॉलेजात जायचंय."

"कुणाला भेटायला?"

"शिकायला."

ही निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नातवाला घेऊन गावातल्या सार्वजनिक वाचनालयात गोष्टींच्या तासाला जायची. तिथं पोरं जमिनीवर पालथी पडून पुस्तकं बघतात आणि त्यांना कुणी 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणत नाही, हे पाहून ती आधी अस्वस्थ झाली. मग तिथल्या बाईंशी तिची गट्टी जमली आणि त्या बाईंनीच जवळच्या कम्युनिटी कॉलेजचं माहितीपत्रक तिच्या हातात ठेवलं. बालशिक्षणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम.

"या वयात?" मी म्हणालो.

"फॉर्मवर जन्मतारीख विचारलीय. वय झालंय का, असं कुठं विचारलेलं नाही."

संध्याकाळी चिरंजीवांच्या कानावर घातलं. "आई, मस्तच!" असं म्हणून त्यानं टाळी दिली आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. "पण तू बी-टूवर आहेस."

एडिसनमध्ये हे फार चालतं. आपल्याकडे नवा माणूस भेटला की आडनाव विचारतात आणि मग गाव विचारतात. तिथं अक्षर आणि आकडा विचारतात. हा एच-वन, ती एच-फोर, ते दोघं एल-टू, आणि पलीकडे लॉन कापतोय तो सिटिझन. सगळ्यांत खालच्या पायरीवर बी-टू, म्हणजे आम्ही पाहुणे. आम्ही हिंडावं, फोटो काढावेत, नातवाचं तोंड पुसावं. एखाद्या शनिवारी केक शिकायला जायलाही हरकत नाही. पण पदवीला मोजला जाईल अशा वर्गात बसायचं, तर पाहुणेपण सोडून विद्यार्थी व्हावं लागतं. त्यासाठी अर्ज.

'अर्ज' हा शब्द ऐकताच माझ्या अंगात वारं शिरलं. मी हयातभर एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत होतो. अर्ज घेणं, त्रुटी काढणं आणि परत करणं यात माझा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. लोक म्हणायचे, साहेबांना परमेश्वराचा अर्ज दिला तरी ते वडिलांचं पूर्ण नाव विचारतील. मी चिरंजीवांना म्हटलं, "तू बाजूला हो. हे प्रकरण मी हाताळतो."

प्रकरण असं होतं. आधी कॉलेजात प्रवेश घ्यायचा. कॉलेज आय-२० नावाचा कागद देतं. मग विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेची ३५० डॉलर फी भरायची. मग आय-५३९ हा अर्ज, आणि तो मुक्कामाची मुदत संपायच्या आत पोचला पाहिजे. एवढं झालं की बी-टूचं एफ-वन होतं. मी वहीत मुद्दे काढले, समास आखला आणि सहज विचारलं, "आणि माझं काय?"

चिरंजीवानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला एफ-टू मिळतं. त्याला नोकरी करता येत नाही. पूर्णवेळ शिकता येत नाही. त्याचा मुक्काम विद्यार्थ्याच्या मुक्कामावर अवलंबून. हिनं कॉलेज सोडलं की माझंही राहणं संपलं. अर्जसुद्धा स्वतंत्र नाही, तिच्या आय-५३९ ला जोडायची आय-५३९ए ही पुरवणी.

"म्हणजे बाबा, तुम्ही आईचे डिपेंडंट."

सूनबाई घाईनं स्वयंपाकघरात गेली. तिथून भांडं पडल्याचा आणि हसू दाबल्याचा असे दोन आवाज एकदम आले. खरं म्हणजे या गोष्टीची पूर्वसूचना मला होती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातल्या थोरल्या बाईला कुटुंबप्रमुख केलं, तेव्हा हे कागदापुरतं आहे, असं मी स्वतःला समजावलं होतं. सरकारी नोकरीत सगळं आयुष्य काढूनही 'कागदापुरतं' या शब्दावर माझा विश्वास कसा बसला, कोण जाणे.

प्रवेशासाठी हिचं मॅट्रिकचं प्रमाणपत्र हवं होतं. साताऱ्याच्या घरातल्या लोखंडी कपाटातून ते मेव्हण्यानं शोधून पाठवलं. ते इथल्या शिक्षणाशी ताडून बघणारी एक संस्था असते, तिच्याकडे आम्ही पासपोर्टच्या प्रतीसह रवाना केलं. चार दिवसांत ईमेल आली: आपण दोन वेगवेगळ्या स्त्रियांची कागदपत्रं पाठवली आहेत, अर्ज नेमका कुणाचा?

त्यांचंही बरोबर होतं. प्रमाणपत्रावर एक कुमारी होती. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्टवर दुसरीच कुणी होती, आणि तिच्या नावाच्या तिन्ही शब्दांपैकी एकही पहिलीशी जुळत नव्हता. आमच्या पिढीत नवरी घरात आली की लक्ष्मीपूजन व्हायचं, ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्या मुलानं अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहायचं. मी झोकदार अक्षरात लिहिलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हा सगळा विधी मी त्या संस्थेला इंग्रजीत दीड पानात समजावून सांगितला. उलट टपाली विचारणा झाली, त्या ताटाची प्रमाणित प्रत मिळू शकेल काय?

त्या तांदळांचा दुसऱ्या दिवशी भात झाला होता, हे मी कळवलं नाही.

"माझं नाव चांगलं होतं," ही शांतपणे म्हणाली. "बदलायची हौस तुम्हाला होती. आता निस्तरा."

शेवटी तिच्या सेवापुस्तकातली नावबदलाची नोंद कामी आली. पण नोंद मराठीत. इंग्रजी भाषांतर करून, आपल्याला दोन्ही भाषा उत्तम येतात, असं भाषांतरकारानं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. हे काम चिरंजीवांकडे आलं. तो बराच वेळ कागद उलटासुलटा करत बसला.

"बाबा, हे मोडीत आहे का?"

"मराठीत आहे. हेडमास्तरांचं अक्षर आहे."

त्यानं सही केली, पण करताना माझ्याकडे बघितलं नाही.

मग पैशाचा पुरावा. पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च आपल्याकडे आहे, हे कॉलेजला दाखवायचं असतं. मी फिक्स डिपॉझिटच्या पावत्या, पेन्शनचं पासबुक आणि सगळ्यात वर सातबाऱ्याचा उतारा ठेवला. मराठी माणसाच्या फायलीत सातबारा वर असला की खालचं कुणी बघत नाही, असा माझा अनुभव. परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या कॉलेजातल्या बाईंनी तो उचलला, इकडून तिकडून पाहिला आणि विचारलं, "१२ जुलैला काय आहे?"

अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर, हे मला ठाऊक होतं. पण त्या धोरणाचा फटका आमच्या वडिलोपार्जित जमिनीला बसेल, असं वाटलं नव्हतं. गाव नमुना सात म्हणजे काय, बारा म्हणजे काय आणि दोन्ही मिळून एक उतारा कसा होतो, हे मी सांगत गेलो. बाई भल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छान. गरज पडली तर ही जमीन विकून पैसे उभे करता येतील ना?"

"नाही. तिच्यावर दावा चालू आहे."

उतारा त्यांनी अदबीनं परत केला. शेवटी चिरंजीव पुरस्कर्ते झाले. पगाराच्या स्लिपा जोडल्या, मी आईचा खर्च करीन, असं लिहून दिलं. घरी येताना गाडीत मागं वळून तो म्हणाला, "आई, आता अभ्यास नीट करायचा हं. पैसे झाडाला लागत नाहीत." हे वाक्य त्यानं किती वर्षं जपून ठेवलं होतं, ते त्याच्या आवाजावरून कळत होतं.

खरी परीक्षा निवेदनपत्राची होती. आपण पाहुणे म्हणून आलात, आता विद्यार्थी होऊ म्हणता, तर हा विचार मनात केव्हा आणि कसा आला, ते सविस्तर सांगा. यामागं पक्की मेख आहे. शिकायचा बेत आधीच ठरलेला असताना पाहुणा म्हणून आत शिरला असाल, तर ती लबाडी. उतरल्यापासून नव्वद दिवसांच्या आत असलं काही केलं, तर संशय आणखी दाट. आम्ही नव्वद दिवस कधीच ओलांडले होते. मी पेन सरसावून म्हटलं, "सांग, शिकावंसं तुला कधीपासून वाटायला लागलं?"

"मॅट्रिक झाल्यापासून."

"असं नाही चालणार."

"का? पुढं शिकायचं होतं. डी.एड. करून नोकरीला लागले. मग लग्न. मग हा. मग तुमची आई आजारी. मग त्याचं इंजिनिअरिंग. वाटत तर रोजच होतं."

"हे बघ, नेवार्कच्या विमानतळावर उतरलीस तेव्हा तुझ्या मनात शिक्षण नव्हतं. फक्त नातू होता."

"त्या अधिकाऱ्यानं कशाला आलात विचारलं. मी 'ग्रँडसन' म्हणाले. इच्छा काय आहेत, ते कुणी विचारलं तर सांगीन ना. तुम्ही तरी कधी विचारलंत?"

मी पेनाचं टोपण लावलं. दोन दिवस मसुदा पुढं सरकला नाही. शेवटी तिनंच वाट काढली. "लिहा, इच्छा जुनी आहे, हा बेत नवा आहे. वाचनालयात गेले नसते, तर या कॉलेजचं नावही कळलं नसतं. जे आहे ते लिहा." मी ते लिहिलं. माझ्या नोकरीतल्या सगळ्या टिपण्यांत ही एकच अशी निघाली, की वाचून दुसरा अर्थ काढता येत नव्हता.

त्याच पत्रात दुसरं कलम, शिक्षण झाल्यावर मायदेशी परत जाल, कशावरून? अमेरिकेचा १९५२ चा कायदा असा आहे, की व्हिसा मागणारा बहुतेक प्रत्येक पाहुणा कायमचा राहायला आला आहे, असं धरूनच चालायचं आणि तसं नाही, हे पाहुण्यानं सिद्ध करायचं. आमच्या गिरगावातल्या मावशीच्या बिऱ्हाडातही पाहुण्याबद्दल हीच शंका असायची, पण ती लेखी नव्हती. मी पुरावे गोळा केले. स्वतःचं घर, सोसायटीच्या देखभाल खर्चाच्या पावत्या, देवघर. पेन्शनीसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. तो आता ऑनलाइनही देता येतो, पण हे मी पत्रात अधोरेखित केलं नाही. एका सरकारला मी जिवंत आहे, हे पटवायचं आणि दुसऱ्याला मी जाणार आहे, हे. या वयात माणसानं किती बाजूंनी पटवावं!

चिरंजीव म्हणाला, "हे सगळं कमकुवत वाटतंय."

तेव्हा मी हुकमाचं पान काढलं. चुलतभावाशी बांधावरून चाललेला दिवाणी दावा. अडीच हात जमीन, तिच्यावरचं एक आंब्याचं झाड आणि पुढची तारीख. नोटिशीची प्रत भाषांतरासह जोडली आणि खाली लिहिलं, की असा दावा अर्धवट टाकून आमच्या भागातला माणूस पृथ्वीवर इतरत्र कुठंही स्थायिक झाल्याचं उदाहरण नाही. अर्जदाराच्या परतण्याबद्दल यापेक्षा भक्कम हमी कुठल्याही बँकेला देता येणार नाही, अशी माझी आजही धारणा आहे.

अर्ज ऑनलाइन भरला, तर ४२० डॉलर आणि कागदावर भरला तर ४७०. चिरंजीव ऑनलाइनच्या बाजूचा. मी म्हटलं, पन्नास डॉलर माझ्या खात्यातून घे, पण अर्ज कागदावर जाईल. ज्याला टाचणी लागत नाही, त्याला मी प्रकरण म्हणत नाही.

तोवर ही बातमी ओक ट्री रोडवर पोचली होती. तिथं मिठाईच्या दुकानाबाहेर निवृत्त मंडळी बसतात, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या मेव्हण्यानं हे सगळं आधी केलेलं असतं. एक बडोद्याचे गृहस्थ म्हणाले, "छोडो ना साहेब. मुंबईला जा, बीकेसीमध्ये इंटरव्ह्यू द्या, छाती पुढे करून परत या." मग त्यांनी वकिलात २०११ पर्यंत ब्रीच कँडीला होती, तेव्हा रस्त्यावर उन्हात रांग कशी लागायची, याचं वर्णन केलं. आता रांग नाही, याचं त्यांना वाईट वाटत असावं. हैदराबादच्या आजोबांनी चिलकूर बालाजीचा उपाय सांगितला. व्हिसासाठी प्रसिद्ध देव. अकरा प्रदक्षिणा घालून मागायचं, मिळालं की एकशे आठ घालायच्या.

"पण अर्ज चालू असताना देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात," मी म्हटलं.

"मग भावाला पाठवा."

"भावाशीच दावा चालू आहे."

आजोबा विचारात पडले. तिसऱ्या एकानं तर आम्हाला अर्ज मंजूर होण्याआधीच भोवळ आणली. म्हणाला, "मंजूर झालं तरी तुम्हाला व्हिसा नाही मिळत हां. फक्त इथल्या इथं स्टेटस बदलतं. पुतण्याच्या लग्नाला म्हणून भारतात गेलात, की परत यायला बीकेसी आहेच." चौकशीअंती हे खरं निघालं. म्हणजे एवढं सगळं करून मिळणार काय, तर बाहेर पडलो नाही तोवर आत राहायची सोय.

अर्ज गेला. काही दिवसांनी तीन अक्षरं आणि दहा आकडे असलेल्या क्रमांकाची पोच आली. तो कागद पाहून मला भरून आलं. परक्या मुलखात कुणीतरी आपली आवक नोंदवून घेतली होती. तेव्हापासून अंघोळ झाली, की देवाला नमस्कार आणि मग संगणकावर तो क्रमांक घालून बघणं. 'प्रकरणाचा सक्रिय आढावा सुरू आहे,' अशा अर्थाचं एक वाक्य तिथं रोज असे. चिरंजीवाला त्यानं धीर आला. मला नाही. अशी वाक्यं मी स्वतः लिहिलेली आहेत.

माझी खरी अडचण निराळी होती. तिथं खिडकीच नाही. ज्याच्यापुढं उभं राहून खाकरावं, असा कारकून नाही. चहाला नेऊन 'आपलं जरा बघा' म्हणावं, असा शिपाई नाही. संकेतस्थळावर एमा नावाची एक यांत्रिक मदतनीस आहे. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यात जिच्या कवितेची पाटी बसवली गेली, त्या एमा लाझारसवरून हे नाव ठेवलंय. ही एमा इंग्रजीत बोलते आणि स्पॅनिशमध्ये बोलते. मी तिला अत्यंत आदरानं विचारलं, "साहेब जागेवर आहेत का?" तिनं मला पत्ता बदलायचा असल्यास कुठं कळवावं, ते सांगितलं.

कॉलेज सुरू व्हायची तारीख आली आणि गेली. मंजुरीशिवाय वर्गात पाऊल ठेवायचं नाही, असा नियम आहे. त्यामागची हकीकत मात्र हसण्याजोगी नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातले दोघं अपहरणकर्ते पाहुणे म्हणूनच आले होते, फ्लोरिडातल्या विमानशाळेत शिकत असताना त्यांनी विद्यार्थी होण्याचा अर्ज केला होता, आणि त्या मंजुरीची कागदपत्रं शाळेच्या पत्त्यावर पोचली मार्च २००२ मध्ये, हल्ल्याला सहा महिने झाल्यावर. देशभर गदारोळ झाला. पुढच्याच महिन्यात आधी मंजुरी मग वर्ग, असा नियम आला आणि वर्षभरात असे अर्ज बघणारं जुनं खातंच मोडून नवी खाती केली. त्या दोघांनी काय केलं, त्याचा हिशेब वाचनालयाच्या नादानं शिकू निघालेल्या एका प्राथमिक शिक्षिकेलाही द्यावा लागतो. ही त्यावर काही बोलली नाही. कॉलेजनं तिचा प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलला. योगायोगानं साताऱ्याच्या कोर्टातही पुढची तारीख पडली.

२०२१ पर्यंत याहून बहारीचा एक प्रकार होता. पहिला अर्ज लटकलेला असताना मूळचा पाहुणेपणा संपू नये म्हणून मुदतवाढीचा दुसरा अर्ज, आणि त्यालाही उशीर झाला, तर तिसरा. अर्ज जिवंत राहावा म्हणून अर्ज! पुढे तो नियम काढून टाकला, हे वाचून सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र हळहळ वाटली. ज्या कुणाला हे सुचलं होतं, त्याच्याबरोबर मी एका टेबलावर आनंदानं काम केलं असतं.

आणि मग त्रुटीपत्र आलं. जाड पाकीट. मी हात धुऊन उघडलं. हिच्या नावांबद्दल हरकत नव्हती, पैशांबद्दल नव्हती, बांधाचा दावा तर विनातक्रार मान्य झालेला दिसत होता. हरकत माझ्याबद्दल होती. सोबतच्या अर्जदारानं, म्हणजे पतीनं, मुख्य अर्जदार शिकत असतानाच्या काळातल्या आपल्या मुक्कामाचा हेतू आणि दिनक्रम स्पष्ट करावा.

मी वही उघडली. समास आखला. 'हेतू' असं लिहून खाली रेघ मारली आणि थांबलो. असा प्रश्न मला सबंध नोकरीत कुणी विचारला नव्हता.

"सुचत नाहीये?" ही बालमानसशास्त्राचं पुस्तक बाजूला ठेवत म्हणाली. "मी सांगते, लिहा. सकाळी नातवाचा डबा. साडेआठला त्याला बसमध्ये बसवणं. मग भांड्यांचं मशीन लावणं."

"ते कुठलं बटण?"

"हिरवं. लिहा. दुपारी कपडे वाळवून घड्या. चारला नातवाला आणणं. संध्याकाळी कणीक मळून पोळ्या."

"पोळ्या? अगं, मला पोळ्या येत नाहीत."

"येतील. सरकारी कागदावर खोटं लिहिलं, तर इथून परत पाठवतात."